परिवीक्षा अधिकारी आणि पोलीस: सहकार्य कुठवर?

गुन्हा शाबीत झालेल्या माणसाला तुरुंगात न धाडता काही अटींवर घरीच राहू द्यायचे आणि त्या अटी तो पाळतो की नाही हे न्यायालयाच्या वतीने परिवीक्षा अधिकाऱ्याने पाहायचे, ही व्यवस्था आता अनेक देशांच्या कायद्यात आहे. या अधिकाऱ्याने पोलिसांबरोबर किती आणि कसे काम करावे, हा प्रश्न वारंवार निघतो आणि प्रत्येक वेळी चर्चा त्याच दोन ठाम विधानांपाशी अडून बसते. एक बाजू म्हणते, दोघांचाही हेतू समाज सुरक्षित ठेवण्याचाच आहे, मग दोघांनी एकत्र फिरायला आणि एकमेकांची कागदपत्रे पाहायला हरकत कसली? दुसरी बाजू म्हणते, परिवीक्षा अधिकारी हा मूळचा समाजकार्यकर्ता. त्याने पोलीस ठाण्याची पायरी चढली की त्याच्या कामात काही राम उरत नाही. सहकार्य कमी असावे की जास्त, यावर दोघे भांडतात. ते कशासाठी असावे आणि त्यात निर्णय कोणाचा चालावा, हे कोणी विचारत नाही. माझे मत असे की गंभीर धोक्याची निश्चित माहिती या दोन यंत्रणांमध्ये वेळेवर गेली-आली पाहिजे, कारण तिथे कुचराई झाली तर जीव जातात. परंतु दुसऱ्याच्या घरात जाण्याचा आणि त्याला जाब विचारण्याचा जो अधिकार कायद्याने परिवीक्षा अधिकाऱ्याला दिला आहे, तो पोलिसांना वापरायला देता कामा नये. पहिल्या गोष्टीला सहकार्य म्हणता येईल. दुसरी गोष्ट म्हणजे पोलिसांवरचे न्यायालयीन नियंत्रण मागच्या दाराने काढून टाकणे आहे.

सहकार्याच्या समर्थकांची बाजू दुबळी नाही, आणि ती दुबळी असल्यासारखे लिहिणाऱ्यांनी बॉस्टनचा इतिहास नीट वाचावा. १९९०च्या सुमारास त्या शहरात तरुण मुले एकमेकांना गोळ्या घालत होती. १९९० ते १९९४ या काळात बंदुकीने किंवा सुऱ्याने मारल्या गेलेल्या, २१ वर्षांपर्यंतच्या १५५ जणांच्या प्रकरणांचा अभ्यास झाला, तेव्हा ओळख पटलेल्या मारेकऱ्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश जण खून केला त्या वेळी परिवीक्षेवर होते असे दिसले. म्हणजे न्यायालयाने ज्यांच्यावर देखरेख ठेवण्याचा आदेश दिला होता, त्यांच्याच हातून हे घडत होते. न्यायाधीश मुलांना रात्री घराबाहेर न पडण्याची अट घालत; पण परिवीक्षा अधिकाऱ्यांचे काम दिवसा, कार्यालयात चाले आणि रात्री मुलगा कुठे आहे हे पाहणारे कोणी नव्हते. रात्री रस्त्यावर असलेल्या पोलिसांना मुले ओळखीची होती, पण कोणावर कोणती अट आहे याचा पत्ता नव्हता. १९९२च्या नोव्हेंबरमध्ये डॉर्चेस्टर न्यायालयातले काही परिवीक्षा अधिकारी आणि टोळीविरोधी पथकातले पोलीस साध्या कपड्यांत, खुणा नसलेल्या गाडीतून रात्री एकत्र घरोघर जाऊ लागले. ‘ऑपरेशन नाइट लाइट’ या नावाने हा उपक्रम पुढे देशभर गाजला आणि त्याच्या नकला निघाल्या. ज्या अटीची अंमलबजावणी कोणी करत नाही, ती घालून न्यायालय फक्त स्वतःचे हसे करून घेते, हे समर्थकांचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे.

आणखी दोन मुद्दे मान्य करायला हवेत. परिवीक्षा अधिकारी बहुधा निःशस्त्र असतो आणि एकटा जातो. काही वस्त्यांत अंधार पडल्यावर त्याने एकट्याने जावे अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे, आणि तो गेला नाही म्हणजे ती गृहभेट कागदावरच होते. दुसरा मुद्दा घरातल्या हिंसेचा. नवऱ्याने पुन्हा हात उगारला तर बायको मदतीसाठी पोलिसांना फोन करते. परिवीक्षा अधिकाऱ्याचे नावही तिला ठाऊक नसते. त्या फोनची नोंद अधिकाऱ्यापर्यंत पोहोचली नाही, तर तो पुढच्या आठवड्यात त्याच नवऱ्याची ‘वर्तणूक समाधानकारक’ अशी नोंद करून मोकळा होईल. ‘विश्वास’, ‘गोपनीयता’ हे शब्द उच्चारताना या बाईचा विचार करावाच लागेल. शिवाय परिवीक्षा अधिकारी हा निव्वळ मित्र कधीच नव्हता. तो न्यायालयाला अहवाल देतो, आणि त्या अहवालावरून माणूस तुरुंगात जाऊ शकतो. तेव्हा त्याला अजाण समाजसेवक म्हणून रंगवणाऱ्यांचे चित्रही खोटेच आहे.

एवढे मान्य केल्यावर माझा आक्षेप कुठे उरतो? तो समजण्यासाठी त्याच शहरात दीडशे वर्षे मागे जावे लागेल. १८४१ साली बॉस्टनच्या पोलीस न्यायालयात जॉन ऑगस्टस या बूट बनवणाऱ्या कारागिराने एका दारुड्याचा जामीन स्वतः भरला, त्याला सुधारण्याची हमी घेतली आणि तीन आठवड्यांनी त्याला न्यायाधीशांपुढे उभे केले. १८५९ साली मृत्यू येईपर्यंत त्याने जवळजवळ दोन हजार माणसांची अशी जबाबदारी घेतली. या कामात त्याला विरोध झाला तो प्रामुख्याने पोलीस आणि न्यायालयातल्या कर्मचाऱ्यांकडून; माणूस तुरुंगात गेला की त्यांना फी मिळे, आणि ऑगस्टसमुळे ती बुडे. पुढे १८७८ साली मॅसॅच्युसेट्सने पगारी परिवीक्षा अधिकाऱ्याचा पहिला कायदा केला, तेव्हा हा अधिकारी चक्क शहराच्या पोलीस प्रमुखाच्या देखरेखीखाली ठेवला गेला, आणि पहिली नेमणूक झाली ती एका माजी पोलीस प्रमुखाचीच, एडवर्ड सॅव्हेज यांची. ही रचना फार काळ टिकली नाही. १८९१पर्यंत नेमणुकीचा अधिकार न्यायालयांकडे गेला. म्हणजे आज ज्याला नवी कल्पना म्हणून मांडले जाते, ती परिवीक्षेच्या कायद्याइतकीच जुनी आहे, आणि तिचा अनुभव घेऊनच परिवीक्षा पोलिसांपासून वेगळी काढली गेली. हा वेगळेपणा कोणा भाबड्या सुधारकाचा हट्ट नव्हता. पकडणाऱ्याच्या यशाचे माप आणि सावरणाऱ्याच्या यशाचे माप एक असू शकत नाही, हे ऑगस्टसच्या फीच्या भांडणातच उघड झाले होते.

या वेगळेपणावर कायद्याची किती मोठी इमारत उभी आहे, हे अमेरिकेतल्या दोन निकालांवरून दिसते. १९८७ सालच्या ‘ग्रिफिन विरुद्ध विस्कॉन्सिन’ खटल्यात पोलिसांनी परिवीक्षा कार्यालयाला कळवले की परिवीक्षेवरच्या एका माणसाच्या घरात बंदुका असाव्यात. अधिकारी साध्या वेशातले तीन पोलीस बरोबर घेऊन गेले, वॉरंटाशिवाय झडती घेतली आणि पिस्तूल सापडले. सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ही झडती वैध ठरवली. मात्र बहुमताचे कारण वाचण्यासारखे आहे. न्यायालयाने म्हटले की परिवीक्षा अधिकारी हा सामान्य नागरिकाच्या घराची झडती घेणारा पोलीस नव्हे. सार्वजनिक हिताबरोबरच त्या माणसाच्या भल्याचा विचार करणेही त्याच्याकडून अपेक्षित असते. वॉरंटाची सूट मिळाली ती या कारणाने. चौदा वर्षांनी, २००१ साली, ‘युनायटेड स्टेट्स विरुद्ध नाइट्स’ खटल्यात परिवीक्षा अधिकारी चित्रातही नव्हता. एका डिटेक्टिव्हने वेगळ्याच गुन्ह्याच्या तपासासाठी, परिवीक्षेच्या आदेशातल्या झडतीच्या अटीचा आधार घेऊन घराची झडती घेतली आणि न्यायालयाने एकमताने तीही मान्य केली. वाजवी संशय असला की पुरे, झडतीमागचा हेतू देखरेखीचा होता की तपासाचा हे पाहण्याची गरज नाही, असे ठरले. या प्रवासाकडे नीट पाहावे. सवलत मिळाली ती ‘हा पोलीस नाही’ म्हणून, आणि शेवटी ती वापरली पोलिसाने. ज्या फरकामुळे अधिकार मिळाला तो फरकच पुसला गेला, तर तो अधिकार कशाच्या आधारावर उरतो?

समर्थक यावर सांगतील की अट माणसाने स्वतः सही करून स्वीकारलेली असते. पण दुसरा पर्याय तुरुंग असताना दिलेल्या संमतीला किती वजन द्यायचे, हा एक प्रश्न. आणि त्या घरात राहणाऱ्या आई-बापांनी, भावंडांनी कशावर सही केली होती, हा त्याहून मोठा प्रश्न. झडती एकाची म्हणून सुरू होते, पण कपाटे सगळ्यांची उघडली जातात.

आता प्रत्यक्ष दारात काय घडते ते पाहू. अधिकारी एकटा येतो, उंबऱ्याच्या आत बसतो, वही उघडतो. कामावर जातोस का, असे विचारतो. मुलगा आधी हो म्हणतो. मग अधिकारी पगाराची पावती मागतो, आणि मुलगा खाली पाहून सांगतो की काम सुटले, दोन आठवडे झाले, मालकाशी वाजले. कुठे असतोस दिवसभर? जुन्या मित्राकडे. ज्या मित्राला भेटू नये अशी अट आहे, त्याच्याकडे. हा अटीचा भंग आहे, आणि अधिकारी त्याची नोंद करतोच. पण त्याच बैठकीत तो दुसऱ्या कामाची चौकशी करतो, आईला बाजूला घेऊन विचारतो आणि पुढच्या भेटीचा दिवस अलीकडे ओढतो. गुन्हा घडण्याआधीचा टप्पा त्याला दिसला आहे, आणि तो दिसण्याचे ठिकाण हेच. आता त्याच दारात अधिकाऱ्याच्या मागे दोन पोलीस उभे आहेत अशी कल्पना करा. त्यातला एक बोलता बोलता खोलीत नजर फिरवतो आहे, शेजारच्या घरांतले दिवे लागले आहेत. कामावर जातोस का? हो. पावती? मालक देत नाही. मित्र? भेटलो नाही. आई काहीच बोलत नाही. वहीत लिहिले जाते: सर्व अटींचे पालन. अधिक माहितीसाठी म्हणून केलेल्या भेटीत माहितीच आटली, आणि मुलगा जुन्या मित्राकडे जातच राहिला.

इथे गोपनीयतेच्या कैवाऱ्यांचीही एक चूक दुरुस्त केली पाहिजे. मुलगा खरे बोलतो ते अधिकारी कोणाला काही सांगणार नाही म्हणून नव्हे. सांगितलेल्या गोष्टीचे पुढे काय होणार, ती कोणासमोर जाणार, याचा त्याला अंदाज असतो म्हणून. न्यायाधीशांपुढे अहवाल जाईल हे त्याला ठाऊक आहे आणि तिथे आपले म्हणणे मांडता येईल हेही ठाऊक आहे. विश्वास उडतो तो अहवालाने नव्हे. सुधारणेसाठी म्हणून विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मित्राच्या अटकेसाठी वापरले गेले, तर उडतो, आणि तो त्या एका मुलापुरता उडत नाही. वस्तीत बातमी एका रात्रीत पसरते. भारताचा १९५८ सालचा अपराधी परिवीक्षा अधिनियम हे जाणतो. परिवीक्षा अधिकाऱ्याने न्यायालयाला दिलेला अहवाल गोपनीय मानावा, असे त्याचे कलम ७ सांगते. आणि अधिकाऱ्याची कर्तव्ये सांगणाऱ्या कलम १४मध्ये देखरेखीच्या बरोबरीने, एकाच वाक्यात, योग्य रोजगार मिळवून देण्यासाठी झटणे हेही येते. देखरेख आणि रोजगार एकाच माणसाकडे सोपवणे हा योगायोग नाही.

सुधारणा आणि पाळत एकाच हाती दिल्याने काय होते, याचा अनुभव भारताच्या वाट्याला फार कडू आला आहे. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली नोंद झालेल्या लोकांना ठरलेल्या वेळी हजेरी द्यावी लागे, गाव सोडायला परवाना लागे. पुढे त्यांच्यासाठी उभारलेल्या वसाहतींना ‘सुधारणे’ची केंद्रे म्हटले गेले. शाळा, काम, प्रार्थना आणि पोलिसांची हजेरी एकाच कुंपणाआड आली, आणि टिकली ती हजेरी. १९५२ साली कायदा गेला तरी त्या जमातींवरचा संशय गेला नाही. त्याच दशकातली रात्रीच्या दारठोठावणीची गोष्ट खरक सिंग यांच्या खटल्यातून पुढे आली. १९४१ साली दरोड्याच्या एका प्रकरणात पुराव्याअभावी सुटलेल्या या माणसाची पोलिसांनी हिस्ट्रीशीट उघडली होती. रात्री-अपरात्री चौकीदार आणि शिपाई येत, दार ठोठावत, हाका मारून झोपेतून उठवत. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने या रात्रीच्या गृहभेटींची तरतूद घटनाबाह्य ठरवली. खरक सिंग दोषी ठरलेले नव्हते आणि परिवीक्षेवरचा माणूस दोषी ठरलेला असतो, हा फरक खरा आहे आणि मी तो झाकत नाही. पण झोपेतून उठवले जाणारे घर दोन्हीकडे सारखेच असते. दोषी माणसाचे स्वातंत्र्य न्यायालय आदेशाने जितके आक्रसते तितकेच आक्रसावे. त्यापुढची प्रत्येक पायरी पोलिसांनी आपल्या सोयीने चढावी, हे त्या आदेशात कुठे लिहिलेले असते?

‘पण त्याने गुन्हे कमी होतात ना?’ हा शेवटचा आणि सर्वांत लोकप्रिय मुद्दा. बॉस्टनमध्ये तरुणांचे खून नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात झपाट्याने कमी झाले, हे निर्विवाद आहे. मात्र १९९६पासून तिथे ‘ऑपरेशन सीझफायर’ सुरू होते, ज्यात टोळ्यांना समोरासमोर बसवून इशारा आणि मदत दोन्ही देऊ केली जात होती. चर्चचे धर्मगुरू रस्त्यावर उतरले होते. आणि त्याच वर्षांत अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या शहरांतली हिंसा उतरत होती. यातला रात्रीच्या गृहभेटींचा वाटा वेगळा काढता येत नाही. ज्याचा हिशेब नीट मांडला गेला तो प्रयोग वेगळे सांगतो. १९९३ साली जोन पीटर्सिलिया आणि सुसान टर्नर यांनी नऊ राज्यांतल्या १४ ठिकाणच्या कडक देखरेखीच्या कार्यक्रमांचे मूल्यमापन प्रसिद्ध केले. वर्षभरात कडक देखरेखीखालच्यांपैकी ३७ टक्के आणि नेहमीच्या देखरेखीखालच्यांपैकी ३३ टक्के लोकांना पुन्हा अटक झाली. म्हणजे गुन्हे कमी झाले नाहीत. अटींचे तांत्रिक भंग मात्र ३८ टक्क्यांवरून ६५ टक्क्यांवर गेले. जास्त डोळे लावले की जास्त चुका सापडतात, तुरुंग भरतात आणि रस्ते तितकेच असुरक्षित राहतात. त्याच अभ्यासात जिथे देखरेखीला उपचारांची जोड मिळाली, तिथे पुन्हा गुन्हा करण्याचे प्रमाण उतरलेले दिसले. या आकड्यांतून पोलिसांची गाडी वाढवण्याचा निष्कर्ष कसा निघतो, हे मला समजत नाही.

इंग्लंड-वेल्सने गंभीर हिंसक आणि लैंगिक गुन्हेगारांसाठी २००१पासून वेगळा मार्ग धरला. पोलीस आणि परिवीक्षा सेवा, आणि नंतर तुरुंग सेवाही, यांनी एकत्र बसून अशा प्रत्येक माणसाच्या धोक्याचा विचार करावा, असे कायद्यानेच बंधन घातले. हे मला तत्त्वतः पटते, कारण यात कोणाचा समावेश होतो हे कायदा ठरवतो, पोलीस ठाणे नव्हे. परंतु एकत्र बसणे म्हणजे जबाबदारी घेणे नव्हे, हेही तिथेच दिसले. २०१९च्या नोव्हेंबरमध्ये लंडनच्या फिशमाँगर्स हॉलमध्ये दोघांचा बळी घेणारा हल्लेखोर, दहशतवादाच्या गुन्ह्यात शिक्षा भोगून अटींवर सुटलेला, याच व्यवस्थेच्या देखरेखीखाली होता. त्याच्यावर बैठका होत होत्या. २०२१ साली मृत्यूचौकशीतल्या ज्युरीने त्याच्या हाताळणीतल्या त्रुटींवर आणि उत्तरदायित्वाच्या अभावावर बोट ठेवले. टेबलाभोवती इतक्या यंत्रणा बसल्या की ‘याला लंडनच्या त्या कार्यक्रमाला जाऊ द्यावे का’ हा प्रश्न स्वतःचा मानणारे कोणी उरत नाही. म्हणून भागीदारी जितकी मोठी, तितके एका माणसाचे नाव त्या निर्णयासमोर लिहिलेले असणे गरजेचे.

मग सहकार्याचा आराखडा कसा असावा? माहितीचा प्रवाह प्रथम उलटा असला पाहिजे: पोलिसांकडून परिवीक्षा अधिकाऱ्याकडे. त्या बाईच्या फोनची नोंद, नव्या अटकेची खबर, कोणाला धमकी दिल्याची तक्रार हे सारे मागणीची वाट न पाहता त्याच दिवशी गेले पाहिजे. यात कोणाच्या घराचे दार उघडावे लागत नाही आणि बहुतेक टाळता येण्याजोगे मृत्यू इथेच टळतात. परिवीक्षा अधिकाऱ्याकडून पोलिसांकडे जाणारी माहिती एखाद्या ठराविक व्यक्तीला असलेल्या गंभीर धोक्यापुरती असावी, लेखी असावी आणि ती दिल्याचे न्यायालयाला कळावे. जिथे जिवाला भीती आहे तिथे पोलीस संरक्षणासाठी बरोबर जातील, पण जायचे की नाही, कधी, कोणाकडे, हे अधिकारी ठरवेल; पोलीस उंबऱ्याबाहेर थांबतील. त्यांना आत जाऊन झडती घ्यायची असेल तर न्यायाधीशांकडे जाण्याचा रस्ता सर्वांसाठी आहे, तो त्यांनी घ्यावा. संशय खरा असेल तर वॉरंट मिळायला अडचण येऊ नये, आणि वॉरंट मिळण्याइतका तो खरा नसेल तर परिवीक्षा अधिकाऱ्याच्या पाठीमागून आत शिरण्याइतकाही नाही.

आणि या पथकांचे यश मोजायचे कशाने, हे पहिल्या दिवशीच ठरले पाहिजे. महिनाअखेरच्या तक्त्यात किती अटका आणि किती अटभंग एवढेच रकाने असले, तर तिथला अधिकारी कितीही भला असला तरी तो वर्षभरात शिपाई होईल. किती जणांची परिवीक्षा पुरी झाली, किती जण सहा महिन्यांनी कामावर टिकून होते, किती घरांतून पुन्हा फोन आला नाही, हे रकाने वरच्या ओळीत हवेत. १९५८च्या अधिनियमाच्या कलम ९मध्ये, बंधपत्राच्या अटी पहिल्यांदा मोडणाऱ्याला न्यायालय पन्नास रुपयांपर्यंतच्या दंडावर सोडू शकते. रक्कम जुनी झाली, पण माणूस सावरताना एकदा घसरणार हे धरून केलेली ती तरतूद आहे. एकत्र पथकाच्या कारवाईत ती पहिली घसरण न्यायाधीशांपर्यंत पोहोचण्याआधीच बेड्यांपाशी संपत असेल, तर त्या पथकाला मान्यता देणाऱ्यांनी आपण कलम ९ रद्द करत आहोत हे विधिमंडळात उभे राहून सांगावे.